वेशीबाहेरचीं बिऱ्हाडें

पवनेच्या जलाशयाकांठीं हिवाळ्यांतल्या एखाद्या शनिवारीं गेलें, तर पुण्यामुंबईकडील कुटुंबेंच्या कुटुंबें तंबू ठोकून राहिलेलीं दिसतात. आजी-आजोबा घडीच्या खुर्च्यांवर, मधली पिढी शेगडीभोंवतीं, आणि मुलें पाण्याच्या दिशेनें धांवत सुटलेलीं व त्यांच्या मागें एखादी आत्या किंवा मामी. एक-दोन रात्री उघड्यावर काढून ही मंडळी सोमवारीं आपआपल्या कामाला लागते. गेल्या वर्षीं हा देखावा पाहत असतां आमच्या सोबतच्या एका गृहस्थांनीं, “हें साहेबी वेड आपल्याकडे कधींपासून शिरलें?” असा प्रश्न केला. पोरांबाळांसह उघड्या माळावर बिऱ्हाड मांडण्याची विद्या महाराष्ट्रांतील मध्यमवर्गास साहेबानें शिकविलेली नाहीं, ती उंदरानें शिकविली, असें उत्तर त्या वेळीं आमच्या ओठांवर आलें होतें. पण जेवणाची वेळ झाली होती, आणि प्लेगचें नांव काढावयास ती वेळ बरी नव्हे म्हणून आम्ही गप्प राहिलों. तें राहिलेलें उत्तर येथें देत आहों.

आमच्या लहानपणीं घरोघर ज्या वृद्ध स्त्रिया होत्या, त्यांच्या बोलण्यांत काळ मोजण्याचें एक ठराविक माप असे: “आम्ही झोंपड्यांत होतों त्या वर्षीं.” अमक्याची मुंज त्या वर्षींची, तमकीचा जन्म झोंपडींतला, थोरल्या वन्संचें लग्न झोंपड्यांतून परत आल्यावरचें. सन विचारला तर सांगतां येत नसे, आणि तें एकच एक वर्षहि नसे. कारण कित्येक कुटुंबांनीं एकदां सोडून अनेकदां घराला कुलूप घालून माळ गांठला होता. तरी ऐकणारास सर्व समजे. पुरुषांच्या इतिहासांत जशी पानपतच्या सालाची खूण, तशी बायकांच्या इतिहासांत ही. पुस्तकी इतिहासांत मात्र झोंपड्यांस फारशी जागा मिळालेली नाहीं. तेथें प्लेग म्हणजे १८९७ साल, आणि १८९७ साल म्हणजे रँडचा वध, एवढ्यावर प्रकरण मिटतें.

तें प्रकरण वाचकांस ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेग होय असें निदान केलें. पुढील चार-पांच महिन्यांत त्या शहराची निम्म्याच्या जवळपास वस्ती पळाली. आगगाडीनें, बोटीनें, बैलगाडीनें, पायीं, जसें साधेल तसें लोक कोंकणांत, देशावर, गुजराथ-काठेवाडांत आपआपल्या गांवीं गेले, आणि त्यांच्या गांठोड्यांबरोबर रोगहि गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला व मार्चांत पुण्यास रँडच्या हुकमतीखालीं सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. रोगी सांपडला कीं त्याची रवानगी इस्पितळांत, घरांतील उरलेल्या माणसांची ‘सेग्रिगेशन’च्या छपरांत, सामान कांहीं जाळलेलें, कांहीं रस्त्यावर फेंकलेलें, कौलें काढून ऊन आंत सोडलेलें, जमीन खणून काढलेली. मुंबईंत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशीं अक्षरें रंगवीत. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तेथेंच गेला, रँड ३ जुलैस मेला.

त्या सक्तीची चीड लोकांस कां आली, याचीं कारणें नेहमीं सांगितलीं जातात तीं अशीं: सोजिरांचे बूट स्वयंपाकघरांत शिरले, देव बाटले, स्त्रियांचा अपमान झाला. हीं कारणें खरींच आहेत. परंतु आमच्या मतें त्या साऱ्यांच्या मुळाशीं एक साधी गोष्ट होती, ती ही कीं घर फोडलें जात होतें. तापलेल्या मुलाजवळ आईनें बसावें कीं बसूं नये, हें त्या आईची भाषा न जाणणारा परका मनुष्य ठरवूं लागला. आजोबा एकीकडे, नातवंडें दुसरीकडे, आणि कोण जिवंत आहे याची बातमी तिसऱ्याच्या तोंडून. गांव सोडून उघड्यावर राहण्यास लोकांची तितकी हरकत नव्हती, याचा पुरावा पुढल्या वीस-पंचवीस वर्षांनीं दिला. सरकारचा सक्तीचा हात सैल होत गेला, आणि ज्या उपायासाठीं सोजीर लागले होते तोच उपाय लोक आपण होऊन करूं लागले. फरक एवढाच कीं, आतां सारें घर एकत्र बाहेर पडे, आणि केव्हां निघावयाचें तें घरांतील वडील माणूस ठरवी.

प्लेग १८९७ सालीं संपला नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तो वर्षानुवर्षें फिरून येत राहिला. १९०७ हें सबंध हिंदुस्थानांत सर्वांत भयंकर वर्ष गेलें, आणि सांथीचा जोर कायमचा ओसरेपर्यंत देशांत एक कोटीहून अधिक माणसें या रोगानें नेलीं. एवढ्या मोठ्या आंकड्यापुढें मन बधिर होतें. म्हणून आपण एका वाड्याच्या दारांत उभें राहून पाहूं.

पहिली वर्दी उंदराची. कोठीच्या खोलींत, माजघरांत, एखादे वेळीं देवघरांतहि भरदिवसा उंदीर बाहेर येई, झिंगल्यासारखा गिरक्या घेई आणि तेथेंच मरून पडे. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द त्या काळीं मोठ्यानें उच्चारीत नसत. ही वर्दी पुरुषांच्या आधीं बहुधा बायकामुलांस लागे, कारण कोठी आणि माळा हें राज्य त्यांचें. शेजारच्या वाड्यांतहि उंदीर पडल्याचें कळलें कीं मग विचार करावयाचा नाहीं. चार दिवसांच्या आंत घर हलवावयाचें. पावसाळा सरतां सरतां बहुधा ही वेळ येई, आणि उन्हें तापूं लागलीं कीं सांथ ओसरे. म्हणजे दसरा-दिवाळी, संक्रांत, कधीं कधीं शिमगासुद्धां माळावर.

जागा निवडतांना दोन गोष्टी पाहत: विहीर जवळ असावी, आणि गांव फार लांब नसावा, कारण घरांतील कर्त्या पुरुषास कचेरी, शाळा, दुकान चुकलेलें नसे. कोणाचें शेत, कोणाची आमराई, नदीकांठचें गायरान. मेढी रोवून बांबूंचा सांगाडा करावयाचा, भोंवतीं तट्ट्या किंवा कुडाच्या भिंती, वर गवत नाहीं तर उसाचें पाचट. ज्यांची ऐपत असे ते पत्रे घालीत. जुन्या सरदार-इनामदारांच्या घरीं माळ्यावर पिढ्यान् पिढ्या पडलेल्या राहुट्या होत्या, त्या या निमित्तानें खालीं आल्या. ज्या कापडानें हिंदुस्थानभर स्वाऱ्या पाहिल्या असें घरचे लोक अभिमानानें सांगत, त्याच्या सावलींत आतां बाळंतिणीची बाज आणि वाळत घातलेलीं दुपटीं. मराठ्यांच्या इतिहासाचा हा शेवटचा तळ म्हणावयास हरकत नाहीं.

दोन चौकांच्या वाड्यांत पंचवीस-तीस माणसें सुखानें मावतात, कारण त्यांस एकमेकांपासून लपतां येतें. चुलत्यांचें दालन वेगळें, विधवा आत्याबाईंची खोली वेगळी, सुना माजघराच्या आड, सासरे ओसरीवर. तींच माणसें तीन झोंपड्यांत आलीं म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करावी. तट्टीच्या एका बाजूची कुजबूज दुसऱ्या बाजूस स्पष्ट ऐकूं येई. ज्या भावांचे स्वयंपाक भांडण होऊन दहा वर्षांमागें वेगळे झाले होते, त्यांच्या बायका जळण पुरेना म्हणून एकाच चुलीवर रांधूं लागल्या, अशी एक हकीगत आम्हीं ऐकलेली आहे. आणि घरीं परत गेल्यावर चुली पुन्हां वेगळ्या झाल्या, असा तिचा शेवटहि ऐकलेला आहे. तो शेवट सांगणाऱ्या आजीबाईंस त्यांत कांहींच नवल वाटत नसे.

सोवळ्या-ओवळ्याचे सर्वांत जास्त हाल. घरीं सोवळें उंच वळणीवर काठीनें वाळत घालीत. येथें दोन बाभळींना दोरी बांधून त्यावर घालावयाचें, आणि कावळा शिवला, वाऱ्यानें उडालें, कोणा पोरानें धरून ओढलें, कीं पुन्हां विहिरीवर जावयाचें. ज्या स्त्रीच्या डोक्यावर एवढ्या माणसांचा सोवळ्यांतला स्वयंपाक असे, ती थंडीच्या पहांटे ओल्या लुगड्यानें तीन दगडांच्या चुलीशीं धूर फुंकीत बसलेली. पुरुषांच्या आठवणींत झोंपडी म्हणजे मोकळी हवा आणि वाढलेली भूक. ती भूक कोण भागवीत होतें, हें त्या आठवणींत बहुधा राहून जातें.

आगीचें भय तर रात्रंदिवस. पाचटाच्या छपरास एक ठिणगी पुरे, आणि ओळीनें उभ्या असलेल्या झोंपड्या दिवाळींतल्या फटाक्यांच्या माळेसारख्या पेटत. म्हणून चूल वाऱ्याच्या उलट अंगास, निजण्याच्या जागेपासून लांब, आणि दाराशीं पाण्याचा भरलेला हंडा. विंचू अंथरुणांत, साप कुडांत. निजण्याआधीं कंदील घेऊन प्रत्येक वाकळ झटकावयाची. गांवांत रिकामीं घरें, त्यांस चोरांचें भय. म्हणून घरांतील एखादा धीट पुरुष किंवा पगारी रामोशी रात्रीं गांवांत निजावयास जाई, आणि सकाळीं तो परत येईपर्यंत माळावरील स्त्रिया वाटेकडे डोळे लावून असत. चोरापेक्षां त्याच्या अंगाला काय लागून येतें याची धास्ती अधिक.

मुलांचें मात्र जग निराळें होतें. शाळा बंद, नाहीं तर आंब्याखालीं भरलेली. सगळीं चुलत-आत्ते-मामे भावंडें एका ओळींत निजणार, उठल्याबरोबर विटीदांडू, आट्यापाट्या, लगोरी. पौषांत शेताच्या मालकानें बोलावलें तर हुरडा, ओढ्याकांठीं बोरें, हरभऱ्याचे डहाळे, भुईमुगाच्या शेंगा. वाड्यांतल्या मुलानें कधीं आकाश सबंध पाहिलेलें नसे. त्यास चौकाएवढा तुकडा ठाऊक. तो पहिल्यानें सप्तर्षि उगवतांना पाही तो येथें. तान्ह्या मुलांचे प्रश्न वेगळे. पाळणा कोण आणणार? झोळी मधल्या आढ्यास बांधली तर प्रत्येक झोक्याबरोबर सारी झोंपडी कुरकुरे, आणि त्या कुरकुरीनें दुसरें मूल जागें होई. रात्रीच्या गारठ्यांत तान्हें मूल आईच्या आणि आजीच्या मध्यें, पायथ्याशीं निखाऱ्यांची शेगडी, आणि ती कलंडूं नये म्हणून कोणीतरी एक जागें.

या साऱ्या मौजेच्या मधोमध एक गोष्ट रोज घडे. मुलांस न्हाऊं घालतांना आई त्यांच्या काखेंत आणि जांघेंत बोटें दाबून पाही. गांठ तेथें येते. मुलांस ती गुदगुली वाटे आणि तीं खिदळत. मोठीं झाल्यावर, स्वतः आया झाल्यावर त्यांतल्या मुलींस कळलें कीं ती गुदगुली कसली होती. असें आम्हांस एका वृद्धेनें सांगितलें, आणि सांगतांना तिचा हात आपोआप जवळ बसलेल्या पणतूच्या खांद्याखालीं गेला, तो आमच्या अजून डोळ्यांपुढें आहे.

ही भीति उगीच नव्हती. माळावर गेलें म्हणजे सारें निभावलें असें नसे. उशिरा निघालेल्या घरास झोंपडींतहि गांठ येई, आणि ज्यांनीं धान्याचीं पोतीं बरोबर नेलीं त्यांच्या मागोमाग उंदीरहि गेले. मोठ्यांच्या घरासहि प्लेगानें सोडलें नाहीं. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांनीं पुणें न सोडतां हिंदु लोकांसाठीं स्वतंत्र इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला. १९०३ सालीं त्यांचाच वडील मुलगा विश्वनाथ प्लेगानें गेला. १८९९ सालीं भगूरच्या सावरकरांच्या घरीं वडील व चुलते दोघेहि दगावले, थोरला व धाकटा भाऊ आजारांतून कसेबसे उठले, आणि तें उघडें पडलेलें घर नाशकास आलें. त्याहून आधींची एक गोष्ट मुंढव्याची. तेथल्या वेशीबाहेरच्या वस्तींत एक मुलगा आजारी असल्याचें कळतांच सावित्रीबाई फुले त्यास पाठीवर घेऊन हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत आल्या. त्यांतच त्यांस लागण झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. मूल वांचलें.

वेशीबाहेरच्या वस्तीचा उल्लेख आला, तेव्हां एक कटु गोष्ट सांगावयास हवी. गांवचा पांढरपेशा वर्ग ज्या माळावर जातांना स्वतःस वनवासी समजत होता, त्या माळाच्या कडेस महार-मांगांचीं घरें शेंकडों वर्षें होतींच. गवताचें छप्पर, कुडाची भिंत, दूरचें पाणी, हें त्यांचें नित्याचें जगणें; आमच्या आजोबा-पणजोबांचें तें सहा महिन्यांचें संकट. शेजार असा अचानक जवळ आला तरी विहिरीचा नियम बदलला नाहीं. पाणवठ्यावर जी दोरी गांवांत होती तीच माळावर आली. आणि गांव मोकळा झाल्यावरहि ज्यांस गांवांतच राहणें भाग होतें, ते झाडूवाले, मेलेले उंदीर उचलणारे, रोजच्या मजुरीवर पोट असलेले, त्यांच्या मुलांस आट्यापाट्यांचा तो हिवाळा मिळाला नाहीं. घर सोडून जावयाचें तर दुसरीकडे सहा महिने चूल पेटेल एवढी शिल्लक लागते. झोंपड्यांच्या आठवणी ज्या घरांतून ऐकूं येतात, तीं घरें कोणाचीं, हें ऐकणारानें ध्यानांत ठेवावें.

लोक बाहेर पडत होते तेव्हां त्यामागील शास्त्र पुरतेपणीं कोणासच कळलेलें नव्हतें. यर्सिन यानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगचा जंतु दाखविला होता, पण तो माणसांत शिरतो कसा, हा वाद होता. घाण, जमीन, कोंदट हवा यांवरच अधिकाऱ्यांचा कटाक्ष, म्हणून तीं कौलें काढणें आणि फेनाइल ओतणें. १८९८ सालीं सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसूवर बोट ठेवलें, तें पुष्कळांनीं मानलें नाहीं. पुढें १९०५ पासून मुंबईंत बसलेल्या संशोधकमंडळानें गिनीपिग नांवाचे प्राणी पिंजऱ्यांत घालून रोगट घरांतून ठेवले. ज्या पिंजऱ्यांत पिसवांस शिरतां येत होतें त्यांतील प्राणी मेले, ज्यांत येत नव्हतें त्यांतील जगले, आणि वाद मिटला. उंदीर मेला कीं त्याच्या गार पडलेल्या अंगावरून पिसवा उठतात आणि दुसरें ऊन अंग शोधूं लागतात. म्हणजे ‘उंदीर पडला’ हें ऐकून चार दिवसांत घर हलविणारी आजीबाई अगदीं बरोबर वेळीं हलत होती. हाफकिन यानें लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती, आणि पुढें तीहि बरीच पसरली. पण टोंचून घेण्याचें भय लोकांच्या मनांतून जावयास वेळ लागला. तोंपर्यंत माळ हीच लस.

कांहीं झोंपड्या परत गांवांत आल्याच नाहींत. अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम पुण्यांत होता. विधवांस शिकवावयाचें हा गांवाच्या दृष्टीनें गुन्हाच, आणि त्यांत सांथ. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास आपली जमीन दिली, आणि १९०० सालीं त्या उजाड जागेवर एक झोंपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें आटोपून कर्वे पायीं हिंगण्यास जात. वाटेनें पावसाळ्यांत चिखल, हातांत आश्रमाला लागणारें सामान. गांवांतील रोगापासून दूर आणि गांवच्या जिभेपासूनहि दूर, असा दुहेरी लाभ त्या माळानें दिला. पुढें त्या जागेचें काय झालें तें सर्वश्रुत आहे. मुंबईंत प्लेगच्या धक्क्यानेंच १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला व त्यानें पुढें दादर-माटुंग्यास रुंद रस्ते आणि मोकळीं आवारें आंखलीं. गिरगांवांतल्या चाळींतून तेथें राहावयास गेलेल्या कुटुंबांस आपण उंदराच्या हुकमानें हललों, असें कधीं वाटलें नसेल.

आरंभीं आम्हीं ही विद्या उंदरानें शिकविली असें म्हटलें, तें देशावरच्या शहरवासी वर्गापुरतें खरें. खालीं सिंधुदुर्गांत तिचें दुसरें, फार जुनें रूप आहे, आणि तें आजहि चालूं आहे. मालवण तालुक्यांतील आचरें, चिंदर, वायंगणी, देवगडाकडील मुणगें अशा गांवांत दर तीन-चार वर्षांनीं ‘गांवपळण’ होते. ग्रामदेवतेचा कौल घेऊन दिवस ठरतो, बहुधा कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास. आणि त्या दिवशीं सारा गांव, पिकलेल्या म्हाताऱ्यापासून तान्ह्या मुलापर्यंत, गुरें, कोंबड्या, कुत्रीं, मांजरें घेऊन शीव ओलांडतो. शिवेपलीकडे नारळाच्या झांवळ्यांच्या व बांबूंच्या राहुट्या आधींच उभ्या केलेल्या असतात. तीन दिवस, तीन रात्री गांवांत कोणी जावयाचें नाहीं. वैभववाडीकडील शिराळें गांवांत तर ही पळण दरवर्षीं पौषांत होते. गांवांत भुताखेतांचा संचार असतो, त्यांस ते दिवस मोकळे द्यावयाचे, अशी लोकांत समजूत. कोणी म्हणतात, देव गांवाची झाडलोट करतो. केव्हां तरी एखाद्या मोठ्या सांथींत गांव उठला असेल, बाहेर राहिलेले वांचले असतील, आणि त्या वांचण्याचा नवस होऊन बसला असेल, असा आमचा तर्क आहे. तर्कापेक्षां त्यास अधिक किंमत देऊं नये. एवढें मात्र खरें कीं, चूल विझलेली, कण न सांडलेला, माणूस-गुरूं नसलेला गांव तीन दिवस राहिला तर भुताइतकीच उंदरा-पिसवांचीहि पंचाईत होते.

आम्हांस लक्षांत घेण्यासारखी वाटते ती वेगळीच बाब. १८९७ सालीं पुण्यास फौज लावूनहि जें धड झालें नाहीं, तें येथें एका कौलानें होतें. शिपाई नाहीं, झडती नाहीं, दंड नाहीं. आणि कोणी मागें राहत नाहीं. याचें कारण केवळ देवाचें भय असें समजणारांनीं एकदां ती पळण पाहावी. मुंबईचे चाकरमानी रजा काढून या तीन दिवसांसाठीं येतात. गांवांत ज्यांच्यामधून वर्षानुवर्षें बांधाचे तंटे चालले आहेत त्यांच्या राहुट्या शेजारीं शेजारीं असतात. रात्रीं भजनें रंगतात, बायका फुगड्या घालतात, नदीवर पोरें दिवसभर डुंबतात. घर मोडत नाहीं, घर उचलून शिवेपलीकडे ठेवलें जातें. रँडच्या कमिटीला जर कोणी आचऱ्याच्या गांवकऱ्यांकडे चार दिवस पाठविलें असतें, तर पुण्याचा इतिहास थोडा वेगळा झाला असता कीं काय, असा विचार मनांत येतो. पण इतिहासांत ‘जर’ला जागा नाहीं असें म्हणतात, म्हणून तो येथेंच सोडतों.

देशावरच्या झोंपड्यांहून मालवणकडील राहुट्यांत आणखी एक अंतर आहे. परत येण्याचा दिवस देशावर उन्हाच्या तापावर आणि मेलेल्यांच्या आंकड्यावर ठरे. कोणीतरी आधीं जाऊन घर उघडी, चुन्यानें भिंती पांढऱ्या करी, धूप घाली, आणि मग एकेक कुटुंब दबकत दबकत आंत शिरे. गेल्या वेळेपेक्षां माणसें किती कमी हें उंबरठा ओलांडतांना मोजलें जाई. गांवपळणींत चौथ्या दिवशीं सकाळीं पुन्हां ग्रामदेवतेस कौल लावतात. कौल उजवा झाला कीं गुरें पुढें, माणसें मागें, असा गांव भरूं लागतो, आणि दुपारपर्यंत घरोघर चुली पेटलेल्या असतात. कौल मिळाला नाहीं तर मुक्काम एक दिवस वाढतो. त्या वेळीं गाऱ्हाणें घालणाऱ्या वडील मंडळींच्या मागें जीं मुलें उभीं असतात, त्यांची या वाढीव दिवसास मुळींच हरकत नसते.